चमकणारे रक्षापात्र आणि ‘बिनविषारी’ हा शब्द

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या सुट्टीवर घरी आला. तो बंगळूरला नोकरीस असतो. त्याच्या सामानात एक लहानशी पेटी होती. रात्री खोलीतील दिवा मालवून त्याने ती उघडली, तेव्हा आतले रक्षापात्र, म्हणजे ज्याला आपण सर्वजण अ‍ॅशट्रेच म्हणतो ते, काजव्यासारख्या हिरवट उजेडाने चमकू लागले. सोबत सिगारेट वळण्याच्या पातळ कागदांचे एक पाकीट होते; त्या कागदांवरही चमकणाऱ्या रंगाची नक्षी होती. घरातील मुले आनंदाने ओरडली. वहिनींनी मात्र दोनच प्रश्न विचारले. ‘तू सिगारेट कधीपासून ओढू लागलास?’ हा पहिला, आणि ‘हे रेडियम तर नव्हे ना?’ हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याने शिताफीने टाळले. दुसऱ्याचे उत्तर म्हणून त्याने ती पेटी माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, ‘काका, तुम्हीच वाचा. बिनविषारी असे इंग्रजीत छापलेच आहे की!’

सरकारी नोकरीत अनेक वर्षे कागद वाचण्यात गेल्यामुळे मला एक खोड जडली आहे. एखादा शब्द शिक्क्यासारखा उमटवलेला दिसला, की तो कोणत्या कामापुरता आणि कोणत्या परिस्थितीत खरा आहे, असे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. ‘बिनविषारी’ हा असाच एक शब्द आहे. त्याचा अर्थ लावण्याचा प्रयत्न मी आज तुमच्यापुढे करणार आहे. विषय एका क्षुल्लक खेळण्याचा वाटेल. परंतु त्या खेळण्यामागे माणसांच्या जबड्यांची, हाडांची आणि फुप्फुसांची मोठी कहाणी उभी आहे.

प्रथम वहिनींच्या प्रश्नाकडे वळू. आपल्याकडे चमकणाऱ्या कोणत्याही वस्तूला सर्रास ‘रेडियम’ म्हणतात. मोटारीच्या पाटीवरील अक्षरे रेडियमची, सायकलच्या मागची पट्टी रेडियमची, मुलांच्या खोलीत छतावर चिकटवलेल्या चांदण्याही रेडियमच्या! वस्तुतः यांपैकी एकातही रेडियम नसते. मोटारीची पट्टी तर स्वतः मुळीच चमकत नाही. समोरून आलेला उजेड ती आल्या वाटेने परत पाठवते, एवढेच. छतावरच्या चांदण्या दिवसाचा उजेड साठवून ठेवतात आणि अंधारात तो हळूहळू खर्च करतात. रेडियम हे नाव तेवढे भाषेत मागे राहिले. ते का राहिले, हे मात्र विसरण्यासारखे नाही.

१९१७ च्या सुमारास अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ऑरेंज या गावी घड्याळांच्या तबकड्यांवर चमकणारे आकडे रंगवण्याचा कारखाना सुरू झाला. रंगात दोन प्रमुख द्रव्ये असत. एक झिंक सल्फाइड, म्हणजे जस्त आणि गंधक यांचे संयुग, आणि दुसरे अत्यल्प रेडियम. रेडियममधून निघणारे किरण झिंक सल्फाइडवर आदळत आणि त्यातून उजेड बाहेर पडे. तरुण मुली हे काम करीत. कुंचल्याचे टोक बारीक राहावे म्हणून ते ओठांत धरून वळवायचे, अशी त्यांना शिकवण होती. अंधारात त्यांचे केस आणि कपडे चमकत आणि त्यांना त्याची मौज वाटे. रेडियम शरीरात गेले की ते कॅल्शियमप्रमाणे हाडांत जाऊन बसते. काही वर्षांतच त्यांचे दात पडू लागले, जबडे झडू लागले, हाडांत कर्करोग उद्भवले. १९२५ साली हॅरिसन मार्टलंड या वैद्यकीय अधिकाऱ्याने या दुखण्याचा संबंध रेडियमशी असल्याचे दाखवून दिले आणि १९२८ मध्ये पाच स्त्रियांच्या दाव्यात कंपनीला तडजोड करावी लागली.

या कथेत एक बारकावा आहे. त्या रंगातील झिंक सल्फाइड काही वर्षांत झिजते आणि तबकडीचा उजेड मावळतो. रेडियमचे अर्धे आयुष्य मात्र सुमारे १६०० वर्षांचे आहे. म्हणजे जुन्या बाजारात मिळणारे एखादे पुराणे घड्याळ अंधारात मुळीच चमकत नसले, तरी त्याच्या आकड्यांतील रेडियम जसेच्या तसे असू शकते. उलट पुतण्याचे रक्षापात्र रात्रभर चमकते आणि त्यात रेडियमचा कणही नाही. चमकणे हे विषाचे लक्षण नव्हे आणि न चमकणे ही निर्धोकपणाची हमी नव्हे. मग विचारावयाचे ते काय? विचारावयाचे ते हे, की हा उजेड येतो कोठून, आणि आपण त्या वस्तूचे करणार काय?

धूम्रपान करणाऱ्यांसाठी बनवलेली चमकणारी वस्तू ही काही आजची नवलाई नाही. एका अर्थी तिचा पहिला अवतार म्हणजे आगकाडी होय. १६६९ साली हँबर्ग येथे हेनिग ब्रांट या किमयागाराने मानवी मूत्र आटवता आटवता एक मेणचट पदार्थ मिळवला. तो अंधारात आपोआप उजळे. हाच फॉस्फरस. आपले शेतकरी खताच्या संदर्भात त्याला स्फुरद म्हणतात. पुढे १८३० च्या सुमारास पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या निघाल्या. त्या कोठेही घासल्या तरी पेटत आणि अंधारात घासल्यास उजेडाची रेघ उमटत असे. विड्या-सिगारेटी ओढणाऱ्यांची त्यामुळे मोठीच सोय झाली. त्या सोयीची किंमत मात्र काड्या करणाऱ्यांनी मोजली. फॉस्फरसच्या वाफेने त्यांच्या जबड्याचे हाड कुजे. काड्यांची टोके चोखून लहान मुले दगावल्याच्याही नोंदी आहेत. १८८८ साली लंडनच्या ब्रायंट अँड मे या कारखान्यातील सुमारे १४०० स्त्रिया आणि मुलींनी संप केला. त्यांची बाजू जगापुढे मांडणाऱ्या अ‍ॅनी बेझंट याच पुढे १९१७ मध्ये आपल्या राष्ट्रसभेच्या अध्यक्षा झाल्या.

लक्षात घ्या, तांबड्या फॉस्फरसची निर्धोक काडी १८५० नंतरच्या काही वर्षांतच तयार झाली होती. तरीही पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या विकल्या जात राहिल्या, कारण त्या स्वस्त होत्या आणि लोकांना आवडत होत्या. फिनलंडने त्यांच्यावर १८७२ मध्ये बंदी घातली, बर्न येथे आंतरराष्ट्रीय करार १९०६ मध्ये झाला आणि हिंदुस्थानात बंदीचा कायदा १९१३ साली आला. उपाय ठाऊक होणे आणि तो अमलात येणे यांत अर्धशतकाहून अधिक काळ गेला.

आता आजच्या वस्तूंकडे येऊ. बाजारात धूम्रपान करणाऱ्यांसाठी ज्या चमकणाऱ्या वस्तू मिळतात, त्यांचा उजेड मुख्यतः तीन प्रकारचा असतो.

पहिला प्रकार साठवलेल्या उजेडाचा. पुतण्याचे रक्षापात्र या प्रकारात मोडते. त्यात पूर्वी तांब्याचा अंश मिसळलेले झिंक सल्फाइड वापरीत. स्वस्त वस्तूंत ते अजूनही असते. १९९० नंतरच्या दशकात जपानी संशोधकांनी स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट नावाचे द्रव्य पुढे आणले. त्यात युरोपियम आणि डिस्प्रोशियम या दुर्मिळ मूलद्रव्यांचा अंश असतो आणि त्याचा उजेड जुन्या द्रव्यापेक्षा कितीतरी तेजस्वी असून रात्रभर टिकतो. स्ट्रॉन्शियम हे नाव ऐकून अणुस्फोटाची आठवण येण्याचे कारण नाही. स्फोटाच्या धुळीतील किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम वेगळे. हे साधे, खाणीतून मिळणारे. दोन्ही द्रव्ये पाण्यात सहज विरघळत नाहीत, त्वचेतून आत शिरत नाहीत. प्लॅस्टिकमध्ये घट्ट बसवलेली असली तर हाताळण्यास त्यांचा काही उपद्रव नाही. तेवढ्यापुरता ‘बिनविषारी’ हा शब्द खरा आहे.

परंतु सिगारेट ही हाताळण्याची वस्तू नव्हे. ती जाळून तिचा धूर आत ओढण्याची वस्तू आहे. झुरका घेताना तिच्या पेटत्या टोकाचे तपमान सुमारे ९०० अंश सेल्सियसपर्यंत चढते. या उष्णतेत झिंक सल्फाइड हवेतील प्राणवायूशी संयोग पावते. त्यापासून झिंक ऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड हा घसा खवखवणारा वायू तयार होतो. जस्ताच्या कारखान्यात खनिज भाजतात तेव्हा हीच क्रिया घडते. फरक इतकाच, की तेथे भट्टीला धुराडे असते आणि येथे धुराडे म्हणजे ओढणाऱ्याचा घसा. झिंक ऑक्साइडचा सूक्ष्म धूर छातीत गेल्यास काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो, हे जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे वितळजोड करणाऱ्या कारागिरांना चांगले ठाऊक आहे. एका कागदावरील नक्षीत द्रव्य थोडे असते हे खरे. पण जे द्रव्य ओढण्यात काडीचाही लाभ नाही, ते थोडे तरी का ओढावे?

स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट एवढ्या उष्णतेने जळत नाही की वितळत नाही. ते राखेत राहते किंवा सूक्ष्म भुकटीच्या रूपाने धुराबरोबर जाऊ शकते. शिवाय नुसती भुकटी कशावरही चिकटत नाही. तिला धरून ठेवणारे एखादे राळेसारखे द्रव्य किंवा प्लॅस्टिक लागते. ते मात्र जळते. अ‍ॅक्रिलिक तापले की तिखट वासाची वाफ सोडते; पीव्हीसी तापले की हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सोडते. पेटती सिगारेट रक्षापात्राच्या चमकत्या प्लॅस्टिकवर दाबून विझवली की येणारा करपट वास हा याच घडामोडीचा पुरावा आहे.

दुसरा प्रकार रासायनिक उजेडाचा. गरब्यात आणि लग्नाच्या वरातीत मुले हातात घालतात त्या चमकणाऱ्या कांड्या या प्रकारातल्या. प्लॅस्टिकच्या नळीत काचेची दुसरी नळी असते. कांडी वाकवली की काच फुटते आणि हायड्रोजन पेरॉक्साइड व ऑक्झॅलिक आम्लाचे एक संयुग एकत्र येतात; त्या क्रियेत सुटलेली ऊर्जा रंगद्रव्याला मिळते आणि ते उजळते. क्रियेत फिनॉल जातीचे दाहक पदार्थ तयार होतात. द्रावक म्हणून डायब्यूटिल थॅलेट वापरण्याची रीत आहे. याच द्रव्यावर युरोपीय संघाने २००५ साली मुलांच्या खेळण्यांपुरती कडक मर्यादा घातली, कारण प्रजननसंस्थेवर त्याचा अनिष्ट परिणाम होतो. बंद नळीत हे सर्व बंदिस्त असते आणि चुकून एखादा थेंब ओठाला लागला तर बहुधा थोडीशी आग होण्यावरच भागते. पण हौसेखातर अशी कांडी हुक्क्याच्या पाण्यात सोडणे हे निराळे प्रकरण आहे. नळी चिरली, तर ज्या पाण्यातून बुडबुडे काढीत हवा ओढावयाची, त्याच पाण्यात हे द्रावण आणि काचेचा चुरा मिसळतो. कांडी तापवली की तिचा उजेड वाढतो, म्हणून ती निखाऱ्याजवळ धरण्याचा मोह होतो. तो टाळावा, उष्णतेने नळी फुटू शकते.

तिसरा प्रकार विजेच्या उजेडाचा. सिगारेट पेटवण्याच्या लायटरमध्ये किंवा हुक्क्याच्या बुडाशी एलईडीचा लहानसा दिवा असतो. येथे ओढणाऱ्याला उजेडापासून काही धोका नाही. धोका आहे तो घरातल्या रांगत्या मुलाला. दिव्यामागे गुंडीएवढी चपटी बॅटरी असते. ती मुलाने गिळली आणि अन्ननलिकेत अडकली, तर विजेच्या प्रवाहामुळे तेथे तीव्र क्षार तयार होतो आणि अवघ्या दोन तासांत खोल भाजल्यासारखी जखम होऊ शकते. अशा वेळी घरगुती उपाय करीत न बसता मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

एवढे विवेचन ऐकून पुतण्याने एक शंका काढली, आणि ती रास्त होती. ‘काका, पण परीक्षा केल्याशिवाय का कोणी बिनविषारी असे छापेल?’

परीक्षा असते, पण ती कशाची, हे पाहू. मुलांच्या खेळण्यांचे उदाहरण घ्या. आपल्या देशात खेळण्यांना भारतीय मानक चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे झाले. त्या मानकातील एका कसोटीत खेळण्यावरील रंगाचा नमुना ३७ अंशांच्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात दोन तास ठेवतात आणि शिसे, पारा, कॅडमियम यांसारखी आठ मूलद्रव्ये किती प्रमाणात सुटून आली ते मोजतात. ३७ अंश आणि आम्ल का? कारण ही परीक्षा मानवी जठराची नक्कल आहे. मुलाने रंगाचा पोपडा गिळला तर काय होईल, या प्रश्नाचे उत्तर ती देते, आणि उत्तम देते. रंग ९०० अंशांत जाळून फुप्फुसात ओढला तर काय होईल, हा प्रश्न तिला कोणी विचारलेलाच नाही. आणि रक्षापात्र हे तर खेळणेही नव्हे!

जठर आणि फुप्फुस यांत फार अंतर आहे. जठराला आम्ल आहे, त्यामागे यकृताचा पहारा आहे, नको ते बाहेर टाकण्याची वाट आहे. फुप्फुसाच्या वायुकोशात हवा आणि रक्त यांच्यामध्ये केसाहूनही कितीतरी पातळ पडदा असतो. म्हणून पोटाला सोसते ते छातीला सोसेलच असे नाही. याची दोन उदाहरणे सांगतो.

आपल्या स्वयंपाकघरातील न चिकटणाऱ्या तव्यावर ज्या द्रव्याचा थर असतो, ते टेफ्लॉन हे अत्यंत निष्क्रिय द्रव्य आहे. त्याचा कण पोटात गेला तर तसाच बाहेर पडतो. १९५१ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात या द्रव्यापासून येणाऱ्या एका विचित्र तापाची हकीकत प्रसिद्ध झाली. पुढे असे आढळून आले, की त्याची भुकटी हाताळणारे कामगार त्याच हातांनी सिगारेट ओढीत. बोटांवरचे कण सिगारेटला लागत, तिच्या निखाऱ्यात त्यांचे विघटन होई आणि तो धूर छातीत जाई. काही तासांनी थंडी, ताप आणि छातीत आवळल्यासारखे होई. म्हणून अशा कारखान्यांत तंबाखू आत नेण्याचीच मनाई करण्यात आली.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे. २०१९ साली अमेरिकेत विजेवर चालणाऱ्या धूम्रनलिका ओढणाऱ्या तरुणांत फुप्फुसाच्या तीव्र विकाराची साथच आली. १८ फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि त्यांतील ६८ जण दगावले. तपासणी केलेल्या ५१ रुग्णांपैकी ४८ जणांच्या फुप्फुसातील द्रवात ई जीवनसत्त्वाचे अ‍ॅसिटेट हे संयुग सापडले. हे संयुग शक्तिवर्धक गोळ्यांत असते, चेहऱ्याला लावण्याच्या मलमात असते. पोटाला आणि कातडीला ते निरुपद्रवी आहे. गांजाचा अर्क भरलेल्या नलिकांत तो अर्क दाट दिसावा म्हणून ते मिसळण्यात आले होते. आपल्या देशात अशा नलिकांवर २०१९ सालीच कायद्याने बंदी आली.

या दोन्ही उदाहरणांत द्रव्य विषारी नव्हते. त्याचा मार्ग बदलला आणि त्याला उष्णता मिळाली, तेव्हा ते अपायकारक ठरले. म्हणून ‘बिनविषारी’ हे पूर्ण वाक्य नव्हे. कोणाला, कोणत्या वाटेने, किती प्रमाणात आणि किती तपमानाला, हे शब्द त्यात भरल्यावाचून त्याला अर्थ येत नाही.

येथे माझ्यावर एक आक्षेप येईल. जो मनुष्य तंबाखूचा धूर ओढतोच आहे, त्याला चमकणाऱ्या रंगाचे भय घालणे म्हणजे पुरात उभ्या असलेल्याला छत्री देण्यासारखे नाही काय? आक्षेप खरा आहे. तंबाखूच्या धुरात ७,००० हून अधिक रासायनिक द्रव्ये असतात. त्यांतील सुमारे ७० कर्करोगकारक म्हणून ओळखली जातात. जगात दरवर्षी ७० लाखांहून अधिक माणसे तंबाखूपायी मरतात. त्यांच्यापुढे रंगाची नक्षी ती काय! या पेटीत सर्वांत घातक जे काही ठेवले जाईल, ते चमकणारे मुळीच नाही. ती साधी तपकिरी पाने आहेत. पण म्हणूनच या चमकीचा विचार करावा लागतो. ज्या वस्तूकडे पाहून भय वाटावे तिच्याकडे पाहून मौज वाटावी, हेच तर या सजावटीचे काम आहे. त्या रात्री टाळ्या पिटणाऱ्या मुलांत माझी सात वर्षांची नात्यातली एक मुलगी होती. रक्षापात्राशी तिची पहिली ओळख चांदणीसारखी व्हावी, याचे मला वाईट वाटले.

तेव्हा व्यवहारापुरत्या चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. चमकणारे जे काही आहे ते जाळू नये आणि त्याचा धूर ओढू नये. पेटती सिगारेट चमकत्या भागाला टेकवू नये; रक्षापात्राच्या आतला भाग धातूचा, काचेचा किंवा चिनीमातीचा असावा. चमकणारी कांडी कापू नये, तापवू नये. तिचे द्रावण डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुवावे आणि डॉक्टरांना दाखवावे. गुंडीसारखी बॅटरी असलेली वस्तू मुलांच्या हाताला लागू देऊ नये. आणि जुन्या बाजारातून आणलेल्या घड्याळाचे आकडे कुतूहल म्हणून खरवडू नयेत.

सुट्टी संपवून निघण्यापूर्वी पुतण्याने ते कागदांचे पाकीट आपण होऊन केराच्या टोपलीत टाकले. रक्षापात्र मात्र वहिनींनी ठेवून घेतले. ते आता त्यांच्या दाराजवळच्या फळीवर असते आणि त्यात घराच्या किल्ल्या ठेवलेल्या असतात. रात्री वीज गेली तर त्या चटकन सापडतात. त्या द्रव्याचा हा अगदी योग्य उपयोग आहे, आणि या कामासाठी ते खरोखरच बिनविषारी आहे.

वहिनींच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुतण्याने गाडीत बसताना मला दिले. तीन वर्षे, असे तो म्हणाला. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी सरकारने विनामूल्य दूरध्वनी सेवा चालवली आहे. तिचा क्रमांक, १८००-११-२३५६, प्रत्येक सिगारेटच्या पाकिटावर छापलेला असतो. पेटीवरचा एक शब्द वाचून मला दाखवणाऱ्या त्या मुलाला मी एवढेच सांगितले, की पाकिटावरचा हा आकडाही तितक्याच विश्वासाने वाच.